तान्ह्या बाळाला घेऊन नेदरलँड्सला : कागदपत्रांचा क्रम कसा लावावा

नेदरलँड्समधल्या नोकरीचं पत्र आलं की घरात पहिला प्रश्न निघतो बाळाच्या थंडीच्या कपड्यांचा. दुसरा, तिथे ज्वारीचं पीठ मिळतं का. बाळाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव कसं लिहिलंय, हे कुणीच विचारत नाही. आमची सात आठवडे खोटी झाली ती त्याच एका ओळीमुळे.

आम्ही पुण्याहून आइंडहोव्हनला गेलो तेव्हा लेक आठ महिन्यांची होती. त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जोडप्यांच्या कागदपत्रांच्या फायली मी मांडीवर घेऊन तपासल्या. जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये मला एकच गोष्ट दिसली. डच सरकारकडचं काम झटपट होतं. वेळ जातो तो आपल्या इकडच्या कागदांत, आणि तोही कागद चुकीच्या क्रमाने काढल्यामुळे. म्हणून हा लेख त्या क्रमाने लिहिला आहे.

आधी व्हिसा कोणता ते नक्की करा

शेंगेन व्हिसा पाहुण्यांसाठी असतो. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, बस. ‘आधी सगळे टुरिस्ट व्हिसावर जाऊ, तिथे गेल्यावर बदलून घेऊ’ असा सल्ला कुणी दिला तर तो कानाआड करा. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर भारतीय नागरिकाला निघण्याआधीच एमव्हीव्ही हा प्रवेश-व्हिसा घ्यावा लागतो आणि तिथे पोचल्यावर राहण्याचा परवाना मिळतो. दोन्हींसाठी अर्ज एकच असतो. तो आयएनडीकडे, म्हणजे तिथल्या स्थलांतर खात्याकडे जातो. बाळ दोन महिन्यांचं असलं तरी त्याचा अर्ज वेगळा, त्याची एमव्हीव्ही वेगळी आणि परवान्याचं कार्डही वेगळं. आईच्या पासपोर्टवर बाळाला चढवायचे दिवस कधीच गेले.

आपल्याकडून जाणारे बहुतेक लोक ‘हायली स्किल्ड मायग्रंट’ या प्रकारात जातात. तिकडे त्याला केनिसमिग्रांट म्हणतात. यासाठी कंपनी आयएनडीची मान्यताप्राप्त प्रायोजक असावी लागते. अशा कंपन्यांची यादी आयएनडीच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुली आहे. नोकरीचं पत्र मिळालं की त्याच दिवशी तिथे कंपनीचं नाव शोधा. दुसरी अट पगाराची. २०२५ साली तिशीच्या पुढच्यांना महिना किमान ५,६८८ युरो आणि तिशीच्या आतल्यांना ४,१७१ युरो, तेही सुट्टीचा भत्ता न धरता. म्हणजे पत्रात वर्षाचा आकडा असेल तर त्यातून ८ टक्के भत्ता वजा करून मग बाराने भागा. हे आकडे दर १ जानेवारीला वाढतात. डिसेंबरात करार आणि जानेवारीत अर्ज असं होणार असेल तर एचआरशी आधीच बोलून घ्या.

एचआरला आणखी एक विचारायचं आहे, आणि ते न लाजता विचारायचं. ‘तिघांचा अर्ज एकत्र भराल ना?’ कुटुंबाचा अर्ज नोकरदाराच्या अर्जासोबत कंपनीच भरू शकते, आणि तसा भरला की तिघांचे निर्णय साधारण एकत्रच येतात. कायद्याने आयएनडीला ९० दिवसांची मुदत आहे, पण मान्यताप्राप्त कंपनीच्या पूर्ण फाइलचा निर्णय पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांत होतो. ‘आधी हे जातील, स्थिरस्थावर होतील, मग आम्ही’ हे ऐकायला समजूतदारपणाचं वाटतं. पण मग बाळाच्या सहीशिक्क्याच्या प्रत्येक कामाला वडील सात हजार किलोमीटरवर असतात. त्याचा त्रास किती, ते पुढे येईलच.

बायकोच्या किंवा नवऱ्याच्या बाबतीत या प्रकारात दोन चांगल्या सोयी आहेत. निघण्याआधी डच भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही. आणि जोडीदाराच्या कार्डावर ‘काम करायला मोकळीक, वेगळा परवाना नको’ असं छापून येतं. बाळ लहान आहे म्हणून आज नोकरी करणार नसलात तरी ही ओळ मोलाची आहे.

जन्मदाखला : इथे घाई करू नका, आळसही करू नका

सगळा डोलारा या एका कागदावर उभा असतो, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, आणि ती जिथे जन्म झाला तिथल्याच ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत होते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. माझं साताऱ्याला झालं. रुग्णालयात नोंदीचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा मी झोपलेली, नवरा औषधं आणायला गेलेला आणि फॉर्म भरला भावाने. त्याने प्रेमाने माझं लग्नाआधीचं पूर्ण नाव लिहिलं. माझ्या पासपोर्टवर मात्र सासरचं नाव. ही गोष्ट लक्षात आली चार महिन्यांनी, पुण्यात. मग दुरुस्तीसाठी पुन्हा तिथेच अर्ज, प्रतिज्ञापत्र, रुग्णालयाचं पत्र, लग्नाचा दाखला, आणि दर खेपेला तान्ह्या मुलीला घेऊन खंबाटकी घाट. पुण्यातलं कार्यालय साताऱ्याची नोंद दुरुस्त करू शकत नाही, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

म्हणून रुग्णालयात भरती होतानाच एका कागदावर ठळक इंग्रजी अक्षरांत आईचं आणि वडिलांचं नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा आणि तो कागद बाळंतपणाच्या पिशवीत वरच ठेवा. बरोबर जो कुणी असेल त्याला सांगा, फॉर्म भरताना हाच कागद समोर धरायचा. मधलं नाव, ‘राव’, ‘बाई’, ‘कुमार’, एक ‘ए’ की दोन, सगळं त्यात आहे तसं.

आता बाळाचं नाव. बारसं बाराव्या दिवशी, कुणाचं सव्वा महिन्याने, आणि रुग्णालय नोंद पाठवतं त्याच्या आधी. म्हणून पुष्कळ दाखल्यांवर नावाची जागा रिकामी असते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जन्मापासून वर्षभरात नाव विनाशुल्क चढवता येतं, त्यानंतर विलंब शुल्क लागतं. पण नाव नसलेल्या दाखल्यावर पासपोर्ट निघत नाही, म्हणून बारसं झाल्याच्या आठवड्यातच हे काम उरका. आत्याने कानात सांगितलेलं नाव आणि कागदावर लावायचं नाव वेगळं असेल तर त्याच दिवशी घरात एकमत करून टाका. इंग्रजी स्पेलिंग नवरा-बायकोने एकत्र बसून ठरवा आणि मग बदलू नका.

बाळाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या आपल्या पद्धतीत एक मेख आहे. पासपोर्टवर पहिली दोन नावं मिळून ‘गिव्हन नेम’ होतात. डच नोंदीतही ती दोन्ही बाळाचीच नावं धरली जातात. मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव पाहून डॉक्टरांची स्वागतिका विचारते, ‘हिचं दुसरं नाव राहुल?’ तुम्ही हो म्हणायचं. ते चालतं. दाखल्यावर मधलं नाव आहे आणि पासपोर्टवर नाही, हे मात्र चालत नाही. आडनावाची जागा पासपोर्टवर रिकामी सोडू नका.

घरातल्या मोठ्यांचे दाखलेही आत्ताच काढा. डच नगरपालिका आईवडिलांचाही जन्मदाखला मागते, आणि आपल्या पिढीत गावाकडे जन्मलेल्या अनेकांच्या दाखल्यावर फक्त ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ एवढंच असतं, नाव नसतं. नाव चढवण्याची मूळ मुदत १५ वर्षांची. सरकारने ती वेळोवेळी वाढवून दिली आहे, त्यामुळे जुन्या नोंदीसाठी तुमच्या पालिकेत आज काय स्थिती आहे ते आधी विचारा. शाळेचा दाखला सोबत लागतोच.

ज्या घरांत लग्नात सुनेचं पाळण्यातलं नाव बदलतात तिथे आणखी एक कागद वाढतो. नेदरलँड्समध्ये लग्नानंतर बाईचं अधिकृत नाव बदलत नाही. त्यामुळे जन्मदाखल्यावरची शुभांगी आणि पासपोर्टवरची रेवती एकच, हे खिडकीपलीकडच्या माणसाला आपोआप कळत नाही. विवाह नोंदणीचा दाखला हा त्या दोन नावांमधला पूल. पहिलं नावही बदललेलं असेल तर राजपत्रात नाव बदलल्याची प्रत हवी. लग्न नोंदलेलंच नसेल तर तेही आत्ता करून घ्या. हॉलमधल्या गुरुजींचं प्रमाणपत्र परदेशात चालत नाही.

बाळाचा पासपोर्ट

१ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. म्हणजे दाखला निर्दोष होईपर्यंत पासपोर्टच्या अर्जाला हात लावू नका.

अर्ज पासपोर्ट सेवा पोर्टलवर भरायचा. अज्ञान मुलांसाठी शुल्क १,००० रुपये, ८ वर्षांखालच्या बाळांना त्यात १० टक्के सूट. सोबत आईवडील दोघांच्या सह्यांचं ‘अ‍ॅनेक्शर डी’ हे संमतीचं घोषणापत्र. दोघांचे मूळ पासपोर्ट न्यायचे. ते चालू असतील आणि त्यांच्यावरचा पत्ता राहता असेल तर काम फार सोपं जातं. पत्ता जुना असेल तर आधी तुमचे स्वतःचे पासपोर्ट नीट करा. बाळाचा पासपोर्ट ५ वर्षांचा मिळतो.

वडील आधीच परदेशी गेलेले असतील तर त्यांना तिथल्या भारतीय दूतावासात जाऊन संमतीचं प्रतिज्ञापत्र साक्षांकित करून पाठवावं लागतं. आधी म्हटलं होतं ते हेच. तेव्हा निदान बाळाचा पासपोर्ट हातात पडेपर्यंत दोघांनी एका गावात राहा. घटस्फोट झालेला असेल आणि एकटी आई किंवा एकटे वडील मूल घेऊन जात असतील तर ताबा कुणाकडे आहे याचा न्यायालयाचा आदेश पासपोर्टलाही लागू शकतो आणि आयएनडीलाही. त्याची प्रमाणित प्रत आधीपासून फाइलमध्ये असू द्या.

पासपोर्ट सेवा केंद्रात बाळाला न्यावंच लागतं. मोठ्यांचे फोटो तिथेच काढतात, पण चार वर्षांखालच्या मुलांचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा, साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा फोटो आपण न्यायचा. फोटोच्या आधी तीट पुसा, काजळ पुसा, टोपडं काढा. आजीला वाईट वाटेल, पण फोटो झाला की तिलाच परत तीट लावायला सांगा. फोटो घरीही छान निघतो. पांढरी चादर जमिनीवर घट्ट पसरायची, बाळाला दूध पाजून ढेकर काढून त्यावर निजवायचं आणि वरून, खिडकीच्या उजेडात फोटो घ्यायचा. डोळे उघडे, चेहरा सरळ, कुणाचा हात दिसत नाही, चादरीला सुरकुती नाही. चाळीस काढलेत तर एक जमतो. तो जमला की स्टुडिओतून आठ-दहा प्रती छापून घ्या, कारण एमव्हीव्हीलाही फोटो लागतो. बाळाचा चेहरा महिन्याभरात पालटतो, म्हणून त्या वेळी तो जुना वाटला तर नवा काढा.

मुंढव्याच्या केंद्रात आम्ही गेलो तेव्हा तान्ही मुलं असलेल्यांना पुढे घेत होते. तरी दुपट्याची गुंडाळी, दोन लंगोट जास्तीचे आणि पाजायला ओढणी एवढं सोबत असू द्या.

अपोस्टिल

बाळाचा जन्मदाखला, तुम्हा दोघांचे जन्मदाखले आणि विवाहाचा दाखला अशा किमान चार कागदांवर अपोस्टिल हवं, म्हणजे कागद खरा असल्याची परदेशात चालणारी सरकारी खूण. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात आहे आणि नेदरलँड्स भारताचं अपोस्टिल मान्य करतं. जर्मनीला गेलेल्या मित्राचा अनुभव इथे लावू नका. जर्मनीने भारताच्या सहभागावर हरकत घेतली होती, त्यामुळे तिथली वाट वेगळी.

आधी राज्य सरकारच्या संबंधित विभागाकडून कागद प्रमाणित होतो, मग परराष्ट्र मंत्रालय मागच्या बाजूला क्रमांक असलेला चौकोनी स्टिकर लावतं. मंत्रालय सामान्य माणसाकडून थेट कागद घेत नाही. ते नेमलेल्या संस्थांमार्फत घेतं. २०१९ पासून हे काम दिल्लीशिवाय मुंबईसह इतर शहरांतही होतं. सरकारी शुल्क एका कागदाला ५० रुपये, त्यावर संस्थेचं थोडं सेवा शुल्क. गल्लीबोळातले एजंट कागदामागे हजारो रुपये सांगतात. वेळ नसेल तर द्या, पण मूळ शुल्क माहीत असताना द्या.

दोन गोष्टी जपा. दाखल्याला लॅमिनेशन करू नका. प्रेमाने केलेलं लॅमिनेशन म्हणजे नवा दाखला काढायची वेळ, कारण प्लास्टिकवर सहीशिक्के होत नाहीत. आणि दाखला इंग्रजीतही असल्याची खात्री करा. महाराष्ट्रातले हल्लीचे जन्मदाखले मराठी-इंग्रजी असतात, जुने हस्तलिखित फक्त मराठीत. डच कार्यालयं डच, इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन कागद वाचतात. जुन्या नोंदीचा नवा संगणकीय द्विभाषिक दाखला मिळत असेल तर भाषांतराच्या फंदात पडण्यापेक्षा तोच घ्या, आणि अपोस्टिल त्याच्यावरच करून घ्या.

अर्ज, आणि मग एमव्हीव्ही

आता कंपनीच्या फाइलमध्ये भरायला तुमच्याकडे सगळं आहे. तिघांच्या पासपोर्टच्या प्रती, अपोस्टिल झालेले दाखले आणि आयएनडीचे फॉर्म. त्यातला एक फॉर्म टीबी तपासणीला तयार असल्याचा. भारतीय नागरिकांना तो भरावा लागतो आणि बाळाच्या वतीने तुम्ही सही करता. एमव्हीव्ही कुठून घेणार हेही अर्जातच लिहायचं असतं. कंपनीच्या वकिलाने सवयीने ‘नवी दिल्ली’ लिहिलं तर तुम्हाला बाळासह दिल्ली गाठावी लागेल. महाराष्ट्र-गोव्यातल्यांनी मुंबई लिहायला सांगा. पाठवण्याआधी फाइल एकदा मला दाखवा, असं कंपनीला स्पष्ट म्हणा. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबात बाळाची जन्मतारीख महिना आधी, दिवस नंतर अशी अमेरिकी पद्धतीने भरली गेली होती. ते सापडलं ते निव्वळ आईने सहज नजर टाकली म्हणून.

होकाराचं पत्र आलं की तीन महिन्यांच्या आत एमव्हीव्ही घ्यायची. पासपोर्ट, फोटो, भरलेला फॉर्म आणि ते पत्र घेऊन ठरल्या वेळी जायचं. सहा वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. पासपोर्टमध्ये स्टिकर लागून येतो. त्याच्या तारखा घरी येऊन नाही, खिडकीवरच वाचा. तिघांची नावं, जन्मतारखा आणि मुदत सगळं तपासा. स्टिकरची मुदत ९० दिवस, त्या आत नेदरलँड्समध्ये पोचायचं. म्हणूनच घर मिळायच्या आधी घाईने स्टिकर घेण्यात अर्थ नाही. होकाराचे तीन महिने आणि स्टिकरचे तीन महिने मिळून तुमच्याकडे बऱ्यापैकी अवकाश असतो, तो वापरा.

प्रवासाबद्दल फार सांगत नाही. मुंबईहून अ‍ॅमस्टरडॅमला थेट विमान आहे, बाळ असताना थेटच घ्या. पाळण्याची जागा तिकिटाबरोबरच फोन करून मागून घ्या. मात्र आई एकटी बाळाला घेऊन जात असेल, किंवा वडील, तर दुसऱ्या पालकाचं सहीचं संमतीपत्र आणि त्यांच्या पासपोर्टची प्रत हातातल्या बॅगेत ठेवा. डच सीमा पोलीस ते मागू शकतात, कारण मुलांना पळवून नेण्याच्या प्रकारांवर ते बारीक नजर ठेवतात. डच सरकारचा त्यासाठी तयार नमुना आहे. अपोस्टिल केलेले मूळ कागद सामानाच्या बॅगेत कधीही टाकू नका.

पोचल्यावरचे पहिले आठवडे

चार महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्याने पोचल्यावर पाच दिवसांत नगरपालिकेत नोंद करायची असते. तिथे तिला खेमेंटे म्हणतात. अपॉइंटमेंट भारतातूनच घ्या. कुटुंबातल्या प्रत्येकाने समक्ष जायचं, बाळानेसुद्धा. नोंद झाली की बीएसएन हा तिथला नागरिक क्रमांक मिळतो, आणि त्याच्याशिवाय पगार, बँक, विमा, डॉक्टर काहीच पुढे सरकत नाही. आइंडहोव्हन, अ‍ॅमस्टरडॅम, हेग, रॉटरडॅम अशा शहरांत परदेशी नोकरदारांसाठी वेगळी केंद्रं आहेत. तिथे नगरपालिकेची नोंद आणि परवान्याचं कार्ड एकाच खेपेत होऊ शकतं. कंपनीला त्या केंद्रातली वेळ मागायला सांगा.

इथे एक मोठा खड्डा आहे, तो म्हणजे घर. काही तात्पुरत्या घरांच्या करारात ‘या पत्त्यावर नोंद करता येणार नाही’ असं कलम असतं. असं घर कितीही सुंदर आणि स्वस्त असलं तरी बाळ असलेल्यांनी घेऊ नये. पत्ता नाही तर बीएसएन नाही, आणि बीएसएन नाही तर बाळाचा आजारपणाचा कागदही अडतो. करारात तिघांची नावं आहेत ना, तेही पाहा. ‘बाळ तर आहे, त्याचं काय नाव घालायचं’ असं म्हणून दोघांचाच करार झाला की नोंदीच्या खिडकीवर घरमालकाचं नवं पत्र मागतात.

टीबी तपासणी जीजीडी या सार्वजनिक आरोग्य सेवेकडे, परवाना मिळाल्यापासून तीन महिन्यांत. आपल्या बाळांना जन्मतःच टीबीवरची बीसीजीची लस देतात, नेदरलँड्समध्ये ती सरसकट देत नाहीत. म्हणून वेळ घेतानाच सांगा, बाळ इतक्या महिन्यांचं आहे आणि बीसीजी झालेलं आहे. आई पुन्हा गरोदर असेल तर तेही.

आरोग्य विमा चार महिन्यांच्या आत घ्यावाच लागतो. आणि तो उशिरा घेतला तरी हप्ता मागच्या तारखेपासून भरावा लागतो, त्यामुळे थांबून काही वाचत नाही. १८ वर्षांखालच्या मुलांना हप्ता नाही, पण बाळाचं नाव पालकाच्या विम्यात घालायचं काम तुमचं. त्याच आठवड्यात घराजवळच्या हाऊसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवा. चार वर्षांपर्यंतच्या मुलांची वाढ आणि लसी पाहणारं केंद्र वेगळं असतं. ते तुमच्या लसीच्या कार्डावरून पुढचं वेळापत्रक लावून देतात. आपल्या कार्डांवर पुष्कळदा लसीच्या ब्रँडचा स्टिकर आणि डॉक्टरांची न लागणारी तारीख असते. निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडून एका लेटरहेडवर कोणत्या आजाराची लस, कोणत्या तारखेला, कितवा डोस हे इंग्रजीत टाइप करून घ्या. हा कागद व्हिसासाठी कुणी मागत नाही, पण आमच्या फाइलमधला सगळ्यात जास्त वापरला गेलेला कागद हाच. शिवाय परदेशातून आलेल्या कुटुंबांना बालभत्त्यासाठी एसव्हीबी या सरकारी संस्थेकडे स्वतः अर्ज करावा लागतो, तो विसरू नका.

दुसरं बाळंतपण माहेरी करायचं असेल तर

तिकडे राहत असताना दिवस गेले आणि माहेरी यावंसं वाटलं, तर ती इच्छा अगदी समजण्यासारखी आहे. पण हिशोब मांडून या. भारतात जन्मलेल्या बाळाकडे डच परवाना नसतो, आईवडिलांकडे कार्ड असलं तरी. त्यासाठी पुन्हा दाखला, पासपोर्ट, अपोस्टिल, आयएनडीचा अर्ज आणि एमव्हीव्ही असं सगळं पहिल्यापासून. बाळंतपणाआधी दोन महिने आलात आणि नंतर या सगळ्याला चार महिने लागले की सहा महिने होतात. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ नेदरलँड्सबाहेर राहिलात तर तुमचा स्वतःचाच परवाना धोक्यात येऊ शकतो. बाळाचे सगळे फॉर्म जन्माआधीच भरून तयार ठेवा, फक्त नाव आणि तारीख घालायची बाकी ठेवा.

तिथेच बाळंत झालात तर कागद कमी लागतात. जन्माची नोंद तीन दिवसांत त्या गावच्या नगरपालिकेत करायची. तिथे जन्मलं म्हणून बाळ डच होत नाही. त्याचा जन्म हेगच्या भारतीय दूतावासात एका वर्षाच्या आत नोंदवायचा, भारतीय पासपोर्ट काढायचा आणि आयएनडीकडे त्याच्या परवान्याचा अर्ज करायचा. वर्षाची ही मुदत फार लांब वाटते आणि बाळाच्या रडण्यात कधी उलटते ते कळत नाही.

आजी-आजोबा

बाळाला सांभाळायला आजी हवीच. आईवडिलांना कायम जवळ ठेवून घ्यायची सोय नेदरलँड्समध्ये जवळजवळ नाही, म्हणून त्यांच्यासाठी शेंगेन व्हिसा. जून २०२४ पासून मोठ्यांना शुल्क ९० युरो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, कधी ४५ लागतात. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा हवा. तुम्ही तिकडून हमी आणि राहण्याच्या सोयीचा डच फॉर्म भरायचा, नगरपालिकेत सही प्रमाणित करून घ्यायची आणि मूळ प्रत कुरियरने घरी पाठवायची. स्कॅन चालत नाही. बाबांच्या पेन्शनचं पासबुक, घराची कर पावती, शेताचा सात-बारा, म्हणजे ते परत येणार हे दाखवणारे कागद जोडा. सात-बारा मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर द्या.

एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी एक नियम सुधारला आहे. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक वेळा प्रवेशाचा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. पण व्हिसा पाच वर्षांचा असला तरी ९० दिवसांची मर्यादा तशीच राहते.

आम्ही दोन्ही घरच्यांची पाळी लावली. सासूबाई-सासरे जानेवारी ते मार्च, माझे आईबाबा एप्रिल ते जून, मध्ये चार दिवस दोघी आज्या एकत्र. प्रत्येकाचे दिवस वेगळे मोजले जातात, त्यामुळे असं करता येतं. मोजताना उतरल्याचा दिवसही धरा आणि निघाल्याचाही. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद सुरू झाली आहे, तेव्हा एखादा दिवस जास्त झाला तर तो लपत नाही आणि पुढच्या अर्जाला नडतो. परतीचं तिकीट ९०व्या दिवसाचं काढू नका, ८५व्या दिवसाचं काढा. विमान रद्द झालं, आजीला ताप आला, तरी पाच दिवस हातात राहतात.